‘पैसे भरा आणि निर्धास्त व्हा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्यापारी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. यार्डातल्या अडत दुकानांपासून विश्रामबागच्या सोसायट्यांपर्यंत सगळीकडे पोचलाय. सार असं: फुकटचा अँटिव्हायरस म्हणजे नुसता देखावा, पैसे भरून स्पायवेअर-विरोधी (म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्राम पकडणारं) सॉफ्टवेअर घ्या. विश्वास नसेल तर आधी फुकट स्कॅन करा, किती धोके निघतात ते बघा. पैसे घेणारी कंपनी तुमची माहिती विकत नाही. मोबाइलमध्ये टाकलं की पेगासस हे सरकारांना विकलं जाणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअरही सापडतं आणि बँक खातं सुरक्षित. एकदम पाच वर्षांचं घेतलं तर निम्म्यात पडतं. खाली लिंक. त्या लिंकच्या शेपटीला रेफरल कोड आहे, म्हणजे तुम्ही घेतलंत की कुणाच्या तरी खात्यात कमिशन जमा. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण ते झाकून वर ‘जनहितार्थ’ लिहायचं, हे काही बरं नव्हे.

‘फुकटचं ते संरक्षण नव्हेच’

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. तो आला कुठून? डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची कंपनी विकत घेतली, ती स्पायवेअर-विरोधी सॉफ्टवेअरच बनवायची. २००६ मध्ये त्याचा डिफेंडर झाला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस. म्हणजे मेसेजवाला जी वस्तू विकायला निघालाय, तिचीच एक प्रत तुमच्या मशीनमध्ये बसलेली आहे आणि तिचे पैसे विंडोजच्या किमतीत गेलेत. अर्थात विंडोज विकत घेतलं असेल तर! क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता चोरून वापरलेलं विंडोज, क्रॅक केलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि त्यावर रोख मोजून घेतलेलं स्पायवेअर-विरोधी, असं मशीन शोधायला यार्डात लांब जावं लागत नाही. क्रॅक टाकताना पहिली सूचनाच असते, ‘अँटिव्हायरस बंद करा’. दार आतून उघडून दिल्यावर महागाच्या कुलपाचं काय करायचं?

जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था अँटिव्हायरस सॉफ्टवेअरची नियमित परीक्षा घेतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. अलीकडच्या वर्षांत त्यात डिफेंडर वरच्या रांगेत असतो. अशा संस्था चाचणीसाठी कंपन्यांकडून शुल्क घेतात, तेव्हा एकीच्याच निकालावर जाऊ नये. आणि निकाल संस्थेच्या स्वतःच्या साइटवर बघावेत, कंपनीच्या जाहिरातीत नव्हे. तिथे कधीकाळी मिळालेलं पदक वर्षानुवर्षं लटकत असतं.

‘आधी फुकट स्कॅन करा, आकडाच बोलेल’

अख्ख्या मेसेजमध्ये सर्वांत फसवं वाक्य हेच. एका अडत दुकानात दिवाणजींनी हा स्कॅन चालवला होता. पडद्यावर लालभडक पट्टी, धोक्यांचा आकडा शेकड्यात, आणि खाली ‘आत्ता दुरुस्त करा’ असं बटण, म्हणजे कार्डाचा नंबर टाका.

मी म्हटलं, “काका, पैसे भरायच्या आधी ती यादी उघडा की.”

यादी उघडली. ट्रॅकिंग कुकी, ट्रॅकिंग कुकी, टेम्पररी फाइल, रजिस्ट्रीतली जुनी नोंद, पुन्हा ट्रॅकिंग कुकी.

“कुकी म्हंजे काय रं?”

“तुम्ही बाजारभाव बघता त्या साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूणचिठ्ठी. जाहिरातवाले तिच्यावरून माग काढतात, पण ती पासवर्ड चोरत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमधून फुकटात पुसता येते.”

कुकीला धोका म्हणून आकडा फुगवणं ही त्यातल्या त्यात सभ्य युक्ती. असभ्य प्रकार अमेरिकेत सरकारी कारवाईपर्यंत गेलेत. २००५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्पायवेअर असॅसिन’ विकणाऱ्यांवर खटला भरला. त्यांचा फुकट स्कॅन स्वच्छ कॉम्प्युटरवरही स्पायवेअर ‘शोधायचा’ आणि ते काढायला सुमारे ३० डॉलर मागायचा. त्याहून कमाल ऑफिस डेपो या दुकानसाखळीची. तिथे ‘पीसी हेल्थ चेक’ सुरू करताना गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारत. मशीन मंद झालंय का? सारखं बंद पडतं का? पॉप-अप येतात का? व्हायरसची सूचना आली होती का? यातल्या एकावर जरी टिक केली, तरी शेवटी ‘मालवेअरची (घातक सॉफ्टवेअरची) लक्षणं आढळली’ असा निकाल ठरलेला. मधे स्कॅनची पट्टी सरकत राहायची, पण त्या स्कॅनचा या निकालाशी काडीचा संबंध नव्हता. मंद मशीन नसलेला माणूस दुरुस्तीच्या दुकानात जातो कशाला, हे त्यांना पक्कं ठाऊक! २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सॉफ्टवेअर कंपन्यांनी अशाच घाबरवण्याच्या धंद्याबद्दल २.६ कोटी डॉलर मोजले. म्हणजे हा जुन्या काळातला किस्सा नाही.

तेव्हा स्कॅनचा आकडा हा पुरावा मानू नका. त्याने काय सापडलं त्याचं नाव दिलंय का, फाइल कुठे आहे तो पत्ता दिलाय का, हे बघा. ती फाइल दुसऱ्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीने तपासा. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती स्कॅनही करते आणि सापडलेलं काढूनही टाकते, काढण्याचे पैसे मागत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची साधनं मोफत मिळतात.

‘पैसे घेणारा माहिती विकत नाही’

निम्मं खरं आहे. फुकट देणारा कमाई कुठून करतो, हे विचारलंच पाहिजे. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीचं उदाहरण ताजं आहे: ‘तुमचा माग काढणाऱ्यांना आम्ही रोखतो’ असं सांगत तिने वापरणाऱ्यांनी कुठल्या साइट पाहिल्या ती माहिती जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १.६५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. पण यावरून ‘पैसे घेतो म्हणजे विकत नाही’ हे सिद्ध होत नाही. गोपनीयतेच्या अटींत काय लिहिलंय त्यावरून ते ठरतं, पावतीवरून नाही.

शिवाय माहिती विकली नाही तरी हलगर्जीपणा होऊ शकतो. मुंबईच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसचे अपडेट साध्या, कुलूपबंद नसलेल्या जोडणीवरून येत होते. हल्लेखोरांनी वाटेतच ते बदलून त्यातून मालवेअर घुसवलं. कंपनीने ती फट नंतर बुजवली. एप्रिल २०२४ मध्ये हे जगापुढे आणलं ते अवास्टच्याच संशोधकांनी, हीही एक गंमत. अँटिव्हायरसला मशीनमध्ये सगळीकडे फिरायची मुभा असते, म्हणून त्याची चूक साध्या प्रोग्रामच्या चुकीपेक्षा महाग पडते.

ग्रुपवर कुणीतरी असंही लिहिलं की क्विक हील अँटिव्हायरसवाले काटकर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, मग शंका कशाला? पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून त्यांनी कंपनी उभी केली याचा अभिमान मलाही आहे. पण घेताना तिचेही चाचणीतले ताजे गुण बघायचे. गाववाला म्हणून आपण हळदीचा वांधा सोडून देतो का?

‘मोबाइलमध्ये टाकलं की पेगाससही सापडतं’

नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कप्प्यात बंद असतं. दुसऱ्या अ‍ॅपच्या पोटात काय चाललंय ते स्पायवेअर-विरोधी अ‍ॅपलाही दिसत नाही. ओळखीचं घातक अ‍ॅप बसवलेलं असेल तर ते सांगू शकतं, आणि ते काम गूगल प्ले प्रोटेक्टही करतं. आयफोनमध्ये तर तेवढीही मुभा नाही. पेगाससच्या खुणा शोधायला अ‍ॅम्नेस्टीने वेगळं साधन बनवलं, ते फोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेऊन जाणकाराने तपासायचं असतं. आणि पेगासस अडत दुकानाच्या मागे लागत नाही, हेही जाता जाता.

२०१४ मध्ये प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ३.९९ डॉलरचं अ‍ॅप पैसे देऊन घ्यायच्या नव्या अ‍ॅपांच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं. ते करायचं एवढंच: बोट लावलं की फुलीची बरोबरची खूण व्हायची. बाकी काही नाही! गूगलने लोकांचे पैसे परत केले. २०१९ मध्ये एव्ही-कंपॅरेटिव्हजने अँड्रॉइडची २५० सुरक्षा-अ‍ॅप तपासली. तीस टक्क्यांहून जास्त घातक नमुने पकडणारी आणि निर्दोष अ‍ॅपवर आळ न घेणारी निघाली फक्त ८०. काही तर स्वतःलाच व्हायरस समजत होती.

आपल्याकडे खाती रिकामी होतात ती लग्नपत्रिका, गाडीचं चलन, पीएम किसान अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी) उघडून, तिला एसएमएस वाचायची परवानगी देऊन. किंवा फोनवर ओटीपी तोंडाने सांगून, तिथे कुठलंच सॉफ्टवेअर मधे येत नाही. तसं घडलंच तर ताबडतोब १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा.

मग पैसे कधीच भरू नयेत का? भरावेत, जिथे कारण आहे तिथे. दुकानात दहा मशीन आहेत, येणारा-जाणारा पेनड्राइव्ह लावतो, सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवायची आहे, अडलं तर मराठीत फोनवर बोलणारा माणूस हवाय. तिथे व्यवसायासाठीची आवृत्ती घेणं शहाणपणाचं. घरच्या एका लॅपटॉपला बहुतेकदा डिफेंडर पुरतो.

‘पाच वर्षांचं एकदम घ्या’

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर पाच वर्षांचं लायसन्स घेण्याआधी ते मशीन तेवढं टिकणार का ते ठरवा. एकेक वर्षाचं घ्या आणि पैसे भरतानाच ‘ऑटो रिन्यूअल’ची टिक काढा. राहून गेली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज यायला हवा. तो आला की बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) उघडून तिथेच रद्द करता येतं.