पंच्याहत्तर टक्के तंदुरुस्त, शंभर टक्के तुमचा

ऑगस्ट आला की गोव्यात दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात: घरात चवथीची आणि फोनवर इंग्लिश फुटबॉलच्या फँटसी प्रीमियर लीगची. पहिलीत माटोळी बांधताना शिडी धरली की तुमचं काम संपलं. दुसरी मात्र सगळी तुमच्या अकलेवर. १०० मिलियन पौंडांचं लटकं बजेट, त्यात १५ खेळाडू बसवायचे, एका क्लबचे ३ पेक्षा जास्त नाहीत. खरे खेळाडू इंग्लंडात जे दिवे लावतील त्यावर तुमचे गुण. खेळ फुकट आहे, तेव्हा पैसे बुडायची भीती नाही. बुडते ती फक्त इज्जत, आणि तिची काळजी असणारे लोक ग्रुपवर आपला संघ टाकतच नाहीत.

तर कानमंत्र ऐका. धडधाकट खेळाडू घेऊ नका. दर शनिवारी ९० मिनिटं इमानेइतबारे धावणारा बचावपटू कोणीही घेतो. तुमचा मेहुणासुद्धा घेतो. त्यात कसलं आलंय कसब? तुम्ही घ्यायचा तो ज्याच्या नावाजवळ अ‍ॅपने इशाऱ्याचा त्रिकोण काढून ठेवलाय. त्यावर बोट ठेवलं की कुठे दुखतंय ते कळतं आणि पुढे टक्केवारी येते: खेळण्याची शक्यता ७५, ५० किंवा २५. लाल म्हणजे शून्य. या आकड्यांकडे गणित म्हणून बघायचं नाही. देवळात प्रसाद लावला आणि डावी पाकळी पडली, म्हणजे देव नाही म्हणाला, तर आपण काय करतो? प्रश्न जरा फिरवून पुन्हा लावतो. तसंच इथे. ७५ आले तर कौल मिळाला. ५० आले तर निम्मा तर निम्मा. २५ आले तर सामन्याला अजून चार दिवस आहेत, आणि इंग्लंडचे डॉक्टर काय झोपलेत?

शिवाय तुम्ही गोंयकार. २०१२ पासून फुटबॉल हा आपला अधिकृत राज्यखेळ, म्हणजे प्रत्येक घरात एक फिजिओ जन्माला येतोच. भात कापून झाल्यावर शेतात भरलेल्या स्पर्धेत वाड्यावरचा एक जण सुजलेल्या घोट्याला पट्टी बांधून फायनल खेळला होता, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्याला बदली खेळाडू नव्हता म्हणून तो खेळला, आणि नंतर महिनाभर जिना चढू शकला नाही, हा तपशील सोडून द्या. मॅन्चेस्टर सिटीकडे बदली खेळाडूंची रांग असते, हाही सोडून द्या.

मँचेस्टरवरून आठवलं. केविन डी ब्रॉयना, सिटीचा तेव्हाचा मिडफिल्डर. जून २०२३ मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हॅमस्ट्रिंगने, म्हणजे मांडीमागच्या स्नायूने, त्याला अर्ध्या तासानंतर बाहेर काढलं. दोन महिन्यांनी नवा हंगाम. अ‍ॅपवर त्याची किंमत साडेदहा मिलियन, म्हणजे बजेटचा दहावा हिस्सा आणि वर चिल्लर. भित्र्या लोकांनी विचार केला की बघू, चार सामने जाऊ देत. तुमच्यासारख्या दर्दी लोकांनी त्याला पहिल्याच आठवड्यात घेतला. ११ ऑगस्टला बर्नलीत, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, २३व्या मिनिटाला तो मैदानाबाहेर गेला. तीच हॅमस्ट्रिंग. मग शस्त्रक्रिया. साडेदहा मिलियनला एक गुण पडला, आणि तोही हंगामातला बाकी कोणी सामना सुरू करायच्या आत. इतक्या झटपट निकाल लागणारी गुंतवणूक दुसरी दाखवा.

इथे शास्त्राचा आधारही तुमच्या बाजूने आहे, कारण तुम्ही तो उलटा वाचणार आहात. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींचा युएफाने, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेने, वर्षानुवर्षं अभ्यास चालवलाय. २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो २४ झाला. मांडीच्या मागचा हा स्नायू. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे पडायच्या आधी तो ताणलाही जातो आणि त्याच क्षणी त्याला ब्रेकही लावावा लागतो. खेळ जितका वेगवान, तितका हा फाटतो. त्यातल्या साधारण १८ टक्के दुखापती पुन्हा उलटलेल्या, आणि उलटणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशाहून जास्त परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत. म्हणजे परतलेला खेळाडू नेमका कधी घ्यावा हे विज्ञानाने तारीखवार सांगितलंय. पहिल्या आठवड्यात घ्या. नववा आठवडा उजाडेपर्यंत थांबाल तर त्यातली सगळी हुरहुर निघून जाईल.

गुडघ्याचं मात्र लांबचं काम. रॉड्रीचा गुडघा सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध गेला, ऑक्टोबरात तो कुबड्यांवर जाऊन बॅलन डी’ओर घेऊन आला, आणि सिटीसाठी पुन्हा मैदानावर उतरला तो थेट मे महिन्यात. जगातला सर्वोत्तम खेळाडू तुमच्या संघात आहे, एवढं म्हणायला ते आठ महिने पुरतात. गुणांचं काय एवढं!

आता या विद्येचं मर्म. बहुतेकांना वाटतं की जखमी खेळाडू पूर्ण बाहेर बसला तर वाट लागते. साफ चूक. तुमच्या अकरांतला एखादा मिनिटभरही खेळला नाही, तर बेंचवरचा खेळाडू आपोआप आत येतो. कॅप्टन अजिबात उतरला नाही, तर दुप्पट गुणांचा मान व्हाइस कॅप्टनला मिळतो. म्हणजे पूर्ण जखमी माणूस तुमचं फारसं वाकडं करू शकत नाही. खरा कामाचा तो अर्धवट बरा झालेला. मॅनेजर त्याला बेंचवर बसवतो, त्याचा संघ ३-० ने पुढे असतो, आणि ८८व्या मिनिटाला पाय मोकळे करायला म्हणून त्याला मैदानावर सोडतो. तो धावत येतो, दोनदा चेंडूला शिवतो, प्रेक्षकांना हात करतो. साठ मिनिटांच्या आतला खेळ म्हणजे १ गुण, कॅप्टन म्हणून २. तेवढ्या दोन मिनिटांनी व्हाइस कॅप्टनचा रस्ता बंद. त्याने त्याच दिवशी दोन गोल मारलेले असतात, ते साधेच मोजले जातात. बेंचवर साडेचार मिलियनचा एक पोरगेला बचावपटू असतो. त्याच्या संघावर गोल होत नाही आणि कॉर्नरवर तो स्वतः हेडर मारतो. खेळल्याचे २, क्लीन शीटचे ४, गोलचे ६, झाले १२. ते बेंचवर सुखरूप राहतात. हे सगळं जुळून यायला नशीब लागतं असं लोक म्हणतात. नाही हो, निवड लागते. रात्री साडेदहाला मडगावहून मित्राचा मेसेज येईल, "तुजो कॅप्टन खंय पावलो रे?" त्याला उत्तर देऊ नका, निळ्या खुणा बंद करून ठेवा.

शुक्रवारी मॅनेजरच्या पत्रकार परिषदा असतात, त्या मन लावून ऐका. मॅनेजर म्हणेल की दुखावलेल्या खेळाडूने आज सराव केला, किंवा उद्या सकाळी बघू, किंवा डॉक्टरांशी बोलायचंय. समोरच्या संघाला आपली अकरा कळू नये म्हणून तो हे बोलतो, तुमच्या फँटसी संघाशी त्याचं काही देणंघेणं नाही. तरीही त्याच्या भुवया बघून अंदाज बांधा. आणि खऱ्या अकरा जाहीर होतात तोवर तुमची डेडलाइन संपलेली असते, कारण ती आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते. शनिवारी तिकडे साडेबाराचा पहिला सामना असेल तर आपली डेडलाइन दुपारी साडेतीनला. म्हणजे शीतकडी जेवून पंख्याखाली आडवे झाल्यावर. झोपा. शंका असेल तर झोपेत निवळते. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे जातात आणि डेडलाइन साडेचारला चहावर येते, तेव्हा मात्र जागे राहाल आणि उगाच शहाणपण सुचेल. सांभाळा.

शहाणपण सुचलंच तर ट्रान्सफरचा, म्हणजे खेळाडू बदलायचा, मोह होईल. आठवड्याला एक फुकट मिळते, ती साठवता येते, पाचपर्यंत. साठवत राहा. तुमचा जखमी हिरो विकू नका, कारण त्याच्यावर तुमचा विश्वास आहे. बाकी जग त्याला धडाधड विकतं, त्याची किंमत ०.१, ०.१ करत उतरत जाते, आणि तुम्ही त्यालाच निष्ठा म्हणा. बेंचवर दुसरा जखमी, तिसराही जखमी झाला की मग साठवलेल्या पाचही उडवून एकदम आठ बदल करा. फुकटच्या वर प्रत्येक बदलाला ४ गुण कापले जातात. ग्रुपवर "मायनस बारा घेतला" असं लिहिताना जो रुबाब येतो, तो बाकीच्यांना हंगामभर लाभत नाही.

ज्यांना हेही पुरत नाही त्यांनी ड्राफ्ट खेळावा. तिथे बजेट नाही, आठ-दहा मित्र आळीपाळीने खेळाडू उचलतात आणि एक खेळाडू एकाच संघात. त्यामुळे हॅमस्ट्रिंगवाला मोठा माणूस सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत तसाच पडून राहतो. सगळे जण त्याला बघून न बघितल्यासारखं करतात, आणि तुमची पाळी येते. उचला! तीन महिने एक जागा अडवून ठेवा. नोव्हेंबरात कंटाळून सोडा. सोडल्याच्या आठवड्यात म्हापशाचा मित्र त्याला फुकटात उचलेल, आणि पुढच्या शनिवारी तो बदली म्हणून उतरून गोल करेल. असं होत नाही म्हणता? डी ब्रॉयनाच बघा. जानेवारी २०२४, न्यूकॅसल, ६९व्या मिनिटाला आत आला, पाच मिनिटांत गोल, भरपाई वेळेत विजयी गोलला पास, सिटी ३-२. ज्यांनी पाच महिने वाट बघून डिसेंबरात त्याला काढून टाकलं होतं, त्यांनी तो सामना फार बारकाईने पाहिला.

मे महिन्यात लीग संपेल. तळाच्या माणसाने सगळ्यांना मासळीची थाळी द्यायची असं ऑगस्टात ठरलेलं असतं, आणि तेव्हा सगळ्यांत जोरात हो म्हणणारे तुम्हीच होता. पार्टी लांबणीवर टाकू नका. १ जूनला मासेमारी बंदी लागते, ट्रॉलर धक्क्याला लागतात आणि इसवणाचा भाव विचारायची सोय राहत नाही. शेवटचा सामना झाला की त्याच आठवड्यात उरका, आणि मेनू तुम्हीच सांगा: बांगडा. चोणक मागणाऱ्याला सांगा, तो सध्या उपलब्ध नाही, परतायची तारीख कळलेली नाही.