अँटिबायोटिक सिमेंटच्या आकारणीबाबतच्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मातोश्रींच्या गुडघ्याच्या सांधेरोपणाच्या शस्त्रक्रियेनंतर आपण लिहिलेला अभिप्राय रुग्णालयाचा मालक या नात्याने मी वाचला आणि बिलाची प्रतही काढून पाहिली. शिरेतून अँटिबायोटिक दिलेले असताना अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंट (कृत्रिम सांधा हाडाला घट्ट बसवणारे) आणि व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची पूड असे दोन जादा आकार लावले गेले, आणि ते आपल्याला थेट डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर कळले, असा आपला आक्षेप आहे. मातोश्रींच्या प्रकृतीचा तपशील इथे चारचौघांत लिहिणे उचित नाही, म्हणून या दोन आकारांपुरतेच लिहितो.

शिरेतले औषध चिरेआधी तासाभराच्या आत दिले जाते आणि ते रक्ताबरोबर पोहोचते तिथेच काम करते. कृत्रिम सांध्याच्या धातूला रक्तपुरवठा नसतो. त्या पृष्ठभागावर जंतूंनी एकदा बुळबुळीत थर धरला की नंतरची इंजेक्शने त्याला सहसा पुरी पडत नाहीत आणि पुष्कळदा बसवलेला सांधा काढण्याची वेळ येते. असे शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णाच्याच बाबतीत घडते, पण त्या घराचे वर्ष त्यातच जाते. याच कारणाने १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गमधील शल्यचिकित्सकांनी सिमेंटमध्येच जेन्टामायसिन हे अँटिबायोटिक मिसळून पाहिले.

हे सिमेंट शस्त्रक्रियागृहात ऐन वेळी कालवतात. सिमेंटची पूड आणि उग्र वासाचा द्रव एकत्र केला की मऊ कणकेसारखा गोळा होतो, तो हातमोज्याला चिकटेनासा झाला की हाडावर लावायचा, आणि थोड्याच मिनिटांत तो चांगलाच तापून दगडासारखा घट्ट होतो. ती उष्णता सोसणारीच अँटिबायोटिके त्यात चालतात. प्रमाणही मनाला येईल तसे वाढवता येत नाही: प्रतिबंधासाठी सिमेंटच्या ४० ग्रॅम पुडीला साधारण अर्धा ते एक ग्रॅम औषध असते, फार जास्त घातले तर सिमेंटच कमकुवत होते. पहिल्या काही दिवसांत हे औषध सांध्याच्या जागी भरपूर पाझरते आणि रक्तात मात्र फार थोडे उतरते. शिरेतून तेवढी मात्रा देऊ गेल्यास मूत्रपिंडांना ती झेपणार नाही.

पहिल्याच सांधेरोपणात सर्वांना असे सिमेंट वापरावे का, यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही, हे मी लपवत नाही. अमेरिकेत २००३ मध्ये तयार मिश्रणाला परवानगी मिळाली तीदेखील संसर्गामुळे काढलेला सांधा पुन्हा बसवण्यापुरती. आमच्याकडे मधुमेह, आमवात, स्थूलता किंवा त्याच सांध्यावरची जुनी शस्त्रक्रिया यांसारखे कारण पाहून निर्णय होतो, आणि आपल्या प्रकरणातले कारण फाइलमध्ये नोंदलेले आहे. सिमेंटचा आकार म्हणूनच मी योग्य मानतो आणि तो कमी करणार नाही. मात्र ‘यामुळे इन्फेक्शन होणारच नाही’ असे आमच्यापैकी कोणी आपल्याला सांगितले असेल, तर ते चुकीचे सांगितले; धोका कमी व्हावा एवढ्याच हेतूने ते वापरतात.

व्हॅन्कोमायसिनच्या पुडीचे तसे नाही. जखम शिवण्यापूर्वी ती आत भुरभुरतात; तिच्या उपयोगाबद्दलचा पुरावा सिमेंटपेक्षाही तोकडा आहे, आणि संमतीपत्रात तिचा उल्लेखच नव्हता. न विचारता वापरलेल्या वस्तूचे पैसे मागणे आम्हाला शोभत नाही. ती रक्कम आपल्याला परत केली जाईल. त्यासाठी मूळ बिल घेऊन कार्यालयात यावे, अर्ज लिहून देण्याची आवश्यकता नाही.

‘पुणेकर बिलाची ओळ न् ओळ वाचतो’ असे आपण बजावले आहे. वाचावीच; आमच्या काउंटरवरच्या मंडळींनी ती आधी वाचली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते. संमतीपत्रात आता सिमेंटचा प्रकार, पूड आणि दोहोंचे दर मराठीत छापले असून भरतीच्या आदल्या दिवशी ते नातेवाइकांना वाचून दाखवले जातात. फाइलमधील नोंद पाहायची असल्यास मातोश्रींना टाके दाखवायला आणाल त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर आपल्याशी बोलतील. त्या भेटीची फी घेतली जाणार नाही.

आपला विश्वासू,
रुग्णालयाचा संचालक, कर्वे रस्ता, पुणे