एका प्रोग्रामपायी अख्ख्या विंडोजची कडी काढू नका

‘विंडोज सिक्युरिटीतलं एक्सप्लॉइट प्रोटेक्शन आणि मेमरी इंटिग्रिटी बंद करून टाका’ हा सल्ला व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि ‘पीसी फास्ट करा’ छापाच्या व्हिडिओंत सतत फिरतो. एक्सप्लॉइट प्रोटेक्शन प्रोग्राममधल्या दोषांचा गैरफायदा घेऊ देत नाही; मेमरी इंटिग्रिटी विंडोजच्या गाभ्यात खात्री न पटलेला कोड चालू देत नाही. या सल्ल्यामागे चार कारणं दिली जातात: अँटिव्हायरस असताना यांची गरज नाही, यांच्यामुळे मशीन मंदावतं, जुने प्रोग्राम चालत नाहीत, आणि हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी आहे. यातल्या मधल्या दोन तक्रारींत तथ्य आहे. पण त्यावर सांगितलेला उपाय घातक आहे.

‘अँटिव्हायरस आहे, मग हे कशाला?’

दोघांची कामं वेगळी आहेत. अँटिव्हायरस घातक फाइल आणि संशयास्पद हालचाल ओळखायला बघतो. एक्सप्लॉइट प्रोटेक्शनला फाइल ओळखीची आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. चालू प्रोग्रामच्या मेमरीत काय होऊ द्यायचं, ते ठरवणं हे त्याचं काम. समजा, पीडीएफ रीडरमध्ये दोष आहे. ईमेलने आलेली फाइल उघडताच तिच्यातला मजकूर मेमरीतल्या डेटाच्या जागेत बसला आणि प्रोग्रामचा ताबा तिकडे वळला. एक्सप्लॉइट प्रोटेक्शनमधलं डीईपी (डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन) चालू असेल तर त्या जागेवर ‘इथलं काही चालवायचं नाही’ अशी खूण असते. ती खूण खुद्द प्रोसेसर पाळतो, त्यामुळे प्रोग्राम तिथेच बंद पडतो, मग फाइल आज सकाळीच तयार झालेली का असेना. एएसएलआर हे त्यातलंच दुसरं संरक्षण; ते प्रोग्रामचे भाग मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर ठेवत नाही, म्हणून हल्लेखोराला नेमकी उडी कुठे मारायची ते कळत नाही.

इथे एक खाच लक्षात ठेवा. ६४-बिट प्रोग्रामना डीईपी कायम लागू असतं. ३२-बिट प्रोग्रामना मात्र, विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये, बनवतानाच तशी खूण केलेली असेल तरच ते लागू होतं. वीस वर्षांपूर्वीचं हिशेबाचं पॅकेज वापरत असाल तर त्यात ती खूण नसण्याचा संभव बराच आहे. अशा प्रोग्रामला संरक्षण आपण हाताने द्यावं लागतं.

‘मशीन स्लो होतं’

डीईपी आणि एएसएलआरमुळे वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. मेमरी इंटिग्रिटीचं तसं नाही. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीचे आणि एएमडीच्या झेन २ च्या आधीचे प्रोसेसर तिला लागणारी सोय स्वतःत बाळगत नाहीत, त्यामुळे विंडोजला ते काम सॉफ्टवेअरने भागवावं लागतं आणि भार वाढतो. गेम खेळणाऱ्यांना हवं तर ती तात्पुरती बंद करून खेळ संपल्यावर पुन्हा चालू करा, असं मायक्रोसॉफ्टनेही २०२२ साली सांगितलं होतं. मशीन तितकं जुनं असेल तर हा विचार जरूर करा. पण त्याचं कारण देऊन एक्सप्लॉइट प्रोटेक्शनला हात लावू नका.

‘जुने प्रोग्राम चालत नाहीत’

हे खरं आहे, आणि मराठीत डीटीपी करणाऱ्यांना याचा फटका लवकर बसतो. जुन्या टायपिंग पॅकेजांपैकी काही आपली डीएलएल (प्रोग्रामला जोडायची कोडची फाइल) दुसऱ्या प्रोग्रामच्या आत घुसवून कळा पकडतात. पेज लेआउटच्या प्रोग्रामसाठी एक्सप्लॉइट प्रोटेक्शनमधलं ‘डिसेबल एक्स्टेन्शन पॉइंट्स’ चालू केलं की हा मार्गच बंद होतो आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरं उमटायला लागतात. विंडोज हा पर्याय स्वतःहून चालू करत नाही; कुणीतरी दिसेल त्यावर खूण करत गेलेलं असतं. अशा वेळी त्या एका प्रोग्रामची ती एकच खूण काढायची.

त्यासाठी विंडोज सिक्युरिटी उघडा. ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये एक्सप्लॉइट प्रोटेक्शन सेटिंग्ज, तिथे प्रोग्राम सेटिंग्ज. काही बदलण्याआधी खालच्या ‘एक्सपोर्ट सेटिंग्ज’ने आहे ती मांडणी फाइलमध्ये ठेवून घ्या. मग ‘ॲड प्रोग्राम टू कस्टमाइझ’मधून ‘चूझ एक्झॅक्ट फाइल पाथ’ निवडा. नुसतं नाव दिलंत तर त्या नावाच्या प्रत्येक फाइलला नियम लागू होईल. यादीतल्या पर्यायाखाली ‘ओव्हरराइड सिस्टिम सेटिंग्ज’वर खूण करून तो चालू किंवा बंद करा आणि प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

एका वेळी एकच पर्याय बदला. जुन्या हिशेबाच्या पॅकेजला आधी डीईपी द्या. ते उघडताच कोसळलं तर त्याच चौकटीत ‘थंक एम्युलेशन’ची खूण आहे, ती करून बघा, एटीएल या जुन्या लायब्ररीवर बनलेले काही प्रोग्राम तेवढ्याने सावरतात. ‘फोर्स रँडमायझेशन फॉर इमेजेस’ (प्रोग्रामचे भाग मेमरीत सक्तीने हलवणारा पर्याय) देणार असाल तर बॉटम-अप एएसएलआर (नवी जागा दर वेळी बदलणारा पर्याय) हेही चालू हवं, नाहीतर भाग हलवले जातात पण दर वेळी त्याच पत्त्यावर जाऊन बसतात. ‘डू नॉट अलाउ चाइल्ड प्रोसेसेस’ (प्रोग्रामला दुसरी प्रोसेस सुरू करू न देणारा पर्याय) ब्राउझरला देऊ नका. ब्राउझर प्रत्येक टॅबसाठी वेगळी प्रोसेस काढतो, त्यामुळे धड उघडणारच नाही. स्वतःचा सँडबॉक्स (धोक्याचं काम करायची वेगळी, बंदिस्त प्रोसेस) असलेल्या पीडीएफ रीडरचीही तीच गत. चाइल्ड प्रोसेसेसच्या पर्यायासारख्या काही पर्यायांना ‘ऑडिट ओन्ली’ची सोय आहे: काहीही अडवलं जात नाही, फक्त इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिक्युरिटी-मिटिगेशन्स’ लॉगमध्ये नोंद होते. ती काही दिवस पाहून मगच पर्याय पक्का करा. डीईपीला ही सोय नाही.

डोंगल (पॅकेज चालण्यासाठी यूएसबीत लावायची किल्ली) चालत नसेल तर तक्रार वेगळी आहे. तिथे जुना ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) मेमरी इंटिग्रिटीला चालत नाही. विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनच्या पानावर न चालणाऱ्या ड्रायव्हरांची यादी फाइलच्या नावासकट मिळते. डोंगल बनवणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर घ्या, डिव्हाइस मॅनेजरमधून जुना काढताना ‘ड्रायव्हरही काढा’ ही खूण करा, आणि मेमरी इंटिग्रिटी चालू करून मशीन रीस्टार्ट करा.

‘हे मोठ्या कंपन्यांसाठी आहे’

पूर्वी एक्सप्लॉइट प्रोटेक्शनच्या कामासाठी मायक्रोसॉफ्टचं ईमेट नावाचं वेगळं साधन उतरवून घ्यावं लागे आणि ते मुख्यतः कंपन्यांतले ॲडमिनच वापरत. २०१७ च्या शरदातल्या विंडोज १०, आवृत्ती १७०९ पासून ते काम विंडोजच्या अंगातच आलं, आणि ३१ जुलै २०१८ ला ईमेटचा सपोर्ट संपला. आज होम आवृत्तीतही एक्सप्लॉइट प्रोटेक्शन आहे, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकलेला असला तरी ते चालू राहतं. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस (अनोळखी प्रोग्रामना ठरावीक फोल्डरांत बदल करू न देणारं संरक्षण) मात्र डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस, स्वतः पहाऱ्यावर असेल तरच चालतं. दुसरा अँटिव्हायरस टाकला की ते संरक्षण जातं.