‘खोकं’ म्हणण्याआधी: मिरर डिंगीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक यांस,

नमस्कार. मिरर डिंगी या शिडाच्या छोट्या बोटीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘बोथट नाकाचं प्लायवूडचं खोकं. लाटेवर आपटतं, वाऱ्याच्या तोंडाला नीट चालत नाही. ती वर्तमानपत्राची जाहिरात होती, बोट नव्हे. लेखक कधी पाण्यात उतरलेला दिसत नाही.’ मतभेद मला चालतात. पण ते शेवटचं वाक्य लिहायची काय गरज होती?

एक चूक आधी कबूल करतो. लांबी मी ११ फूट लिहिली होती, ती १० फूट १० इंच आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘खोकं’. हा शब्द मला लागला, कारण त्यामागे न पाहताच हिणवणं आहे. मिररचा आकार आखणाऱ्या जॅक होल्ट यांना टोकदार नाक काढता येत नव्हतं, असं तुम्हाला वाटतं का? जीपी १४ आणि एंटरप्राइझ या टोकदार नाकाच्या बोटी त्यांच्याच. मिररचं नाक त्यांनी मुद्दाम आखूड केलं. एवढ्याशा लांबीत दोन मोठी माणसं आणि एखादं पोर बसवायचं, तर पुढची रुंदी टोकात वाया घालवून चालत नाही. शिवाय टोकाशी प्लायचे तक्ते वाकवून जुळवणं नवशिक्याला जड जातं. चपट्या फळीवर ते सहज येऊन टेकतात. होल्ट यांची १९४७ ची कॅडेटही अशाच नाकाची, आणि ती मुलांच्या शर्यतींचीच बोट आहे.

आणि बांधणी! ती बॅरी बकनेल यांची, टीव्हीवर लोकांना घरच्या घरी सुतारकाम शिकवणाऱ्या माणसाची. कापलेल्या तक्त्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, की सपाट लाकूड आपोआप होडीचा आकार घेतं. मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. साचा लागत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्यानं फळ्या शिवून होड्या बांधत असत. त्या किनाऱ्याच्या माणसानं शिवलेल्या बोटीला खोकं म्हणावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाण्यात उतरण्याबद्दल. माझे आजोबा हर्णैचे, मासेमारीच्या होडीवर वाढलेले. मी इंग्लंडात आल्यावर एका क्लबच्या फळ्यावरची चिठ्ठी वाचून जुनी मिरर घेतली. विकणाऱ्यानं ‘सुकी आहे’ म्हणून सांगितलं होतं. तळाचा एक तक्ता पूर्ण कुजलेला निघाला. तो काढून नवा शिवायला मला आणि मुलीला गॅरेजमध्ये अख्खा हिवाळा लागला. रेझिनच्या वासानं बायको वैतागली होती. ज्या सांध्यावर मी स्वतः पट्टी चिकटवली, त्याच्याबद्दल मला तुम्ही शिकवणार?

नुसता सांगाडा सुमारे ४५ किलोचा. डोलकाठी आखूड, तिला लागून वरची काठी उभी चढते, त्यामुळे सगळ्या काठ्या बोटीतच मावतात आणि बोट गाडीच्या टपावर जाते. आम्ही बापलेक ती टपावर चढवतो. तुम्ही कोणती बोट चढवता, ते लिहिलेलं नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर ते कोणी लपवलं नव्हतं. नाव ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राचं, लाल शिडंही त्याचीच ओळख. १९६३ मध्ये ६३ पौंड ११ शिलिंगांत घरी बोट बांधायचा संच मिळाला आणि ज्यांच्या घरात कधी बोट आली नव्हती ती माणसं शिडं उभारू लागली. पुढे ७०,०००हून जास्त झाल्या. एंटरप्राइझही ‘न्यूज क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रासाठीच काढलेली, तिला कोणी जाहिरात म्हणत नाही.

लाटेवर आपटणं, वाऱ्याच्या तोंडाला चालणं, यात इथे शिरत नाही. मिरर घेऊन शर्यतीत उतरणाऱ्यांनी त्याची उत्तरं पाण्यावर दिली आहेत.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा. निनावी आली तर छापणार नाही.