'मर्सिडीजला नुसती समज' म्हणणाऱ्यांना

आमच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपच्या ग्रुपवर फॉर्म्युला वन मोटार शर्यतींबद्दलचा एक जुना मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. '२०१३ साली मर्सिडीजने बार्सिलोनात १००० किलोमीटर चोरून टेस्टिंग केलं, त्याच जोरावर मोनॅको जिंकलं, आणि शिक्षा काय तर समज! फेरारीनंही तेच केलं, ती तर मोकळीच सुटली.' तिसऱ्या गेटजवळ चहा पितानाही हेच ऐकलं, म्हणून लिहितोय.

आधी 'चोरून'. हंगाम चालू असताना संघांना टेस्टिंगची बंदी होती हे खरं, पण ही टेस्ट टायर पुरवणाऱ्या पिरेलीची होती, टायरची. मर्सिडीजने एफआयएच्या, म्हणजे शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, चार्ली व्हाइटिंगना आधी विचारलं होतं. चालू हंगामाची गाडी वापरायला हरकत नाही, पण अटी आहेत, अशा धर्तीचं उत्तर मिळालं. गिऱ्हाईकाच्या साहेबांनी फोनवर 'चालेल बहुतेक' म्हटलं की आपण ड्रॉइंग बदलून माल कापतो, आणि मग इन्स्पेक्शनला अख्खा लॉट परत येतो, तसलाच प्रकार. प्रकरण एफआयएच्या लवादापुढे गेलं, त्यानेही हेतू वाईट नव्हता असंच म्हटलं. मात्र मर्सिडीजचे चालक हॅमिल्टन आणि रोझबर्ग बिनखुणेची काळी हेल्मेटं घालून का पळाले, याचं समर्थन माझ्याकडून होणार नाही.

फेरारीचं उत्तर एका ओळीचं आहे: टेस्टिंगची बंदी त्या वर्षीच्या आणि त्याआधीच्या वर्षीच्या गाडीवर होती, त्यांनी २०११ची गाडी नेली.

मोनॅकोचं म्हणाल तर बहारीन, चीन, स्पेन या तिन्ही ठिकाणी पोल, म्हणजे शर्यतीत सगळ्यात पुढून सुटायची जागा, मर्सिडीजचीच होती, आणि तीही टेस्टच्या आधी. गाडी एका फेरीत वेगवान होतीच. रडगाणं होतं ते शर्यतीत टायर लवकर झिजण्याचं. मोनॅकोत पुढे जायला जागाच नसते, पोलवाल्याला तिथं कोण अडवणार? तरी फायदा शून्य, असं मी म्हणत नाही. काय बिघडलेलं नाही एवढी खात्री झाली तरी तो फायदाच, असं लवादाचं म्हणणं, आणि लेथवर उभा राहिलेला कुणीही ते मान्य करील.

राहिली शिक्षा. समजेसोबत जुलैतल्या सिल्व्हरस्टोनच्या तीन दिवसांच्या युवा चालक टेस्टची बंदीही होती. हीच शिक्षा द्या, असं मर्सिडीजच्याच वकिलाने सुचवलं होतं. आरोपीने आपली शिक्षा आपणच निवडावी हे मलाही खटकतं. पण निकाल २१ जूनचा. ३० जूनला सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत हॅमिल्टनसकट चौघांचे टायर फाटले आणि त्या टेस्टचा रंगच पालटला: नेहमीच्या चालकांनाही मुभा मिळाली, नवे टायर तपासायला आले. मर्सिडीज तेवढी बाहेर. समज देणाऱ्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

तरी नव्या टायरवरची पहिलीच शर्यत, हंगेरीची, हॅमिल्टनने जिंकली. हे माझ्या म्हणण्याला सोयीचं नाही, पण झालं ते असं. आणि सुनावणीचा खर्च? मर्सिडीज, पिरेली आणि खुद्द एफआयए, तिघांत सारखा वाटला.