वरची ती ओळ कापू नका रे

आज घरच्या ग्रुपवर चुलतभावाने शुगरच्या गोळीवरच्या कुठल्याशा संशोधनाच्या पेपरचा स्क्रीनशॉट टाकला आणि पाच मिनिटांत आत्याचा मेसेज, "मग माझी गोळी बंद करू का रे?" मूळ पान शोधलं तर सगळ्यात वर मेडआर्काइव्ह या वेबसाइटची सूचना, हा प्रीप्रिंट (म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच नेटवर टाकलेला पेपर) आहे, पीअर रिव्ह्यू झालेला नाही, यावरून उपचार ठरवू नयेत. स्क्रीनशॉट बरोब्बर त्या ओळीच्या खालून कापलेला!

डोकंच फिरलं माझं. कारण २०२१च्या एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला तेव्हा आयव्हरमेक्टिन या गोळीने कोविड बरा होतो म्हणणारा तो इजिप्तचा प्रीप्रिंट मीच त्यांना वाचून दाखवला होता. सूचना तेव्हाही होती, मी वाचलीसुद्धा, पण मला वाटलं काहीतरी कायदेशीर बाब असेल, सगळेच लिहितात. तीन दिवस गोळ्यांच्या भरवशावर घरात काढले आणि चौथ्या दिवशी ऑक्सिजन ८६. जुलैमध्ये तो प्रीप्रिंट मागे घेतला, आकड्यांमध्येच घोळ होता म्हणे.

त्या ओळीचा अर्थ एवढाच असतो की त्या विषयातल्या बाहेरच्या दोनचार जाणकारांनी अजून हे तपासलेलं नाही, पेशंट किती होते, कुणाशी तुलना केली, आकडे जुळतात का, हे लेखकांना कुणी विचारलेलंच नाही. वेबसाइटवाले वरवर चाळतात फक्त. एवढं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते तीन दिवस...

हो, माहितीये, रिव्ह्यू झाला म्हणजे खरंच असं नाही, लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलने २०२० मध्ये कोविडवरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधाचा पेपर छापला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला. आणि बाबांना हॉस्पिटलात दिलेलं डेक्सामेथासोन, त्याचाही पेपर जून २०२० मध्ये आधी प्रीप्रिंट म्हणूनच आला होता. मान्य. पण तो डॉक्टरांनी वाचला, त्यामागे हजारो पेशंटची ट्रायल होती, आणि कुणी त्याचं डोकं उडवून ग्रुपवर टाकला नव्हता.

आत्यावर राग नाहीये माझा. ती घाबरलेली असते, सत्तरीची बाई, तिला शुगर संपवायची आहे बस. भावावरही नाही खरंतर, मी तरी काय वेगळं केलं होतं. बाबांना आजही जिना चढताना मध्ये थांबावं लागतं आणि ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत.

आत्याला फोन केला, गोळी चालू ठेव, सोमवारी डॉक्टरांना विचारू. ग्रुपवर पूर्ण पान टाकलंय, वरच्या ओळीसकट. भावाने अजून बघितलेलं नाही.