टीडीएस २४० आलं म्हणून पाणी निर्धोक? त्या फॉरवर्डला उत्तर

बंद पडलेल्या रासायनिक कारखान्यांच्या आसपासच्या बोअरच्या पाण्याबद्दल एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचं सार असं: पाणी नितळ आहे, वास येत नाही, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) ३००च्या आत आहे, कारखाना कधीचाच बंद झालाय, आम्ही इतकी वर्षं पितोय, तरी शंका असेल तर उकळा नाहीतर आरओ बसवा, आणि खुशाल प्या. लिहिणाऱ्याला घबराट कमी करायची असावी. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक कसोटी दुसऱ्याच कुठल्यातरी दुखण्याची आहे.

‘नितळ आहे, वास नाही.’ आर्सेनिकला पाण्यात ना रंग, ना वास, ना चव. शिशाचंही तेच. बेन्झीन या कारखान्यांतल्या रसायनाला वास असतो खरा, पण तो नाकाजिभेला कळेपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. डोळ्यांना दिसतो तो गढूळपणा, आणि तो बहुधा मातीचा असतो.

‘टीडीएस कमी आहे.’ या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त विश्वास लोक या पेनाएवढ्या मीटरवर ठेवतात. घरी करून बघा. एका ग्लासात चमचाभर साखर विरघळवा आणि मीटर बुडवा: आकडा जवळजवळ जागचा हलत नाही. दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका: आकडा उडी मारतो. मीटर विरघळलेले पदार्थ मोजतच नाही; तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघून अंदाज बांधतो. बेन्झीन किंवा धातूवरचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोएथिलीन यांचं वागणं इथे साखरेसारखं: मीटरच्या लेखी ते नसतातच. आर्सेनिक तरी दिसेल? त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. समजा पाण्यात त्याच्या दहापट, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक आहे. मीटर एकाखालचा आकडा दाखवतच नाही. काल २४०, आज २४०. उलट ९०० टीडीएसचं पाणी नुसतंच जड, मचूळ असू शकतं.

‘उकळलं की झालं.’ जंतूंसाठी झालं. धातू आणि नायट्रेट मात्र भांड्यातच राहतात. लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झालं की त्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाने वाढतं. उडून जातात ते सॉल्व्हंट (बेन्झीन, ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावक), आणि ते स्वयंपाकघराच्या हवेत जातात, जिथे आपण उभे असतो. गरम पाण्याच्या आंघोळीलाही हेच लागू. घरच्या तुरटीवर आणि क्लोरीनवरही इथे भिस्त ठेवता येत नाही.

आरओबद्दल फॉरवर्ड अर्धं बरोबर आहे. बऱ्याचशा धातूंना आरओमधला बारीक छिद्रांचा पडदा चांगला अडवतो. पण आर्सेनिकचं एक रूप (जे ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यात सापडतं) विद्युतभाररहित असल्यामुळे पडद्यातून बरंचसं निसटतं, आणि सॉल्व्हंटसाठी पडद्यापेक्षा कोळशाच्या फिल्टरवर भिस्त असते. तो कोळसा एक दिवस भरतो. भरला की दिवा लागत नाही, घंटा वाजत नाही. पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय यंत्र निवडणं म्हणजे निदानाआधी औषध.

‘कारखाना बंद होऊन जमाना झाला.’ हा युक्तिवाद वरवर पटतो, आणि तोच सगळ्यात फसवा आहे. कॅलिफोर्नियातल्या हिंक्ली गावाजवळ गॅसच्या कॉम्प्रेसर केंद्रात गंज रोखायला क्रोमियम-६ (क्रोमियम धातूचं विषारी रूप) वापरत आणि ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडत. वापर थांबला १९६६मध्ये. भूजल दूषित असल्याचं कंपनीने प्रशासनाला कळवलं डिसेंबर १९८७मध्ये. मधली एकवीस वर्षं लोक बिनघोर विहिरी उपसत होते. भूजलाची चालच अशी: दिवसाला १० सेंटिमीटर धरलं तरी दहा वर्षांत साडेतीनशे मीटरच्या पुढे. म्हणजे काही विहिरींपर्यंत दूषित पाणी पोचतं तेच कारखान्याला कुलूप लागल्यानंतर. ट्रायक्लोरोएथिलीन तर पाण्याहून जड. ते खाली चिकणमातीच्या थरावर जाऊन बसतं आणि दशकानुदशकं थोडंथोडं विरघळत राहतं.

‘आम्ही इतकी वर्षं पितोय, काही झालं नाही.’ आर्सेनिकमुळे कातडीवर डाग आणि घट्टे दिसायलाच साधारण पाच वर्षं लागतात, कर्करोगाला त्याहून खूप जास्त. पोटातलं आणि पाळण्यातलं बाळ तर ‘इतकी वर्षं’ पीतच नसतं.

आता न्याय्य गोष्ट. कारखान्याशेजारची प्रत्येक विहीर बिघडलेली नसते. भूजल ज्या दिशेने येतं त्या वरच्या अंगाची विहीर स्वच्छ असू शकते; शेजारच्या दोन बोअरची खोली वेगळी तर निकालही वेगळा. म्हणून शेजाऱ्याचा अहवाल आपल्या कामाचा नाही. प्रयोगशाळेत ‘पिण्याचं पाणी तपासा’ एवढंच सांगितलं तर बहुतेकदा सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड आणि जंतू तपासून मिळतात. कारखान्यात काय बनत होतं ते सांगून त्या पदार्थांचीच नावं घेऊन मागणी करा, आणि पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा करा. सॉल्व्हंटसाठी नमुना काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरतात, झाकण लावून उलटी करून बघतात आणि बर्फात ठेवून नेतात. उलट्या बाटलीत बुडबुडा दिसला तर ती ओतून टाकून नवी भरायची. जे शोधायचं तेच त्या बुडबुड्यात निसटलेलं असतं.